माळवदावरचे वायफाय : उभारणी आणि राखण

घराबाहेरचा ॲक्सेस पॉइंट म्हणजे घरात आलेले इंटरनेट अंगणात, गच्चीवर किंवा थेट गल्लीच्या तोंडापर्यंत नेणारे, भिंतीवर अगर खांबावर बसणारे आणि ऊनपाऊस सोसणारे यंत्र. बोलण्यात त्याला 'वायफायचा डबा' म्हणतात. घरातल्या राउटरशी ते तारेने जोडलेले असते, फोनशी हवेतून बोलते. तारेची आणि हवेची माहिती सोबतच्या पुस्तिकेत अनेक भाषांत दिलेली असते. तिसरा घटक शेजारी. त्याच्याविषयी कोणत्याच भाषेत एक ओळ नसते.

अक्कलकोटात या यंत्राची गरज दोन कारणांनी पडते. पहिले कारण भिंती. जुन्या गावठाणातली घरे दगडमातीची, वर माळवद, भिंत हात-दीड हात जाड. अशा भिंतीतून वैशाखाचे ऊन आत येत नाही आणि वायफाय बाहेर जात नाही. राउटर बहुधा मधल्या खोलीत, देवघराशेजारी असतो. फायबर ओढायला आलेल्या पोराला तिथला सॉकेट मोकळा दिसला, एवढेच त्यामागचे शास्त्र. मग रेंज हवी असणारा माणूस माळवदावर जातो आणि उजेडासाठी ठेवलेल्या भोकाशेजारी उकिडवा बसून व्हिडिओ कॉल करतो. पलीकडच्याला त्याची हनुवटी आणि आभाळ दिसते.

दुसरे कारण पाहुणे. श्री स्वामी समर्थांचे १८७८ साली समाधी घेईपर्यंत सुमारे दोन दशके या गावात वास्तव्य होते. तेव्हापासून सुरू झालेली माणसांची रीघ आजतागायत थांबलेली नाही. गुरुवार आहे, गुरुपौर्णिमा आहे, दत्तजयंती आहे, चैत्रात प्रकटदिन आणि पुण्यतिथी आहे. ज्यांच्या घरी दोन खोल्या जास्तीच्या आहेत त्यांनी त्या भाविकांना दिल्या. या भाविकाला इथून पुढे गाणगापूरला जायचे असते, तिथून तुळजापूर करायचे असते, आणि गाडी किती वाजता आहे हे तो समोरच्या माणसाला न विचारता फोनला विचारतो. फोन ते सांगत नाही, कारण भिंत. तेव्हा तो पायात चप्पल अडकवून बाहेर येतो आणि म्हणतो, "मालक, बाहेर एक डबा बसवा की."

डबा बसवायला सरकारी परवाना लागत नाही. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने परवानामुक्त झाला. यंत्राची ताकद एक वॉटपर्यंत आणि अँटेनासकट परिणामी ताकद चार वॉटपर्यंत, ही अट. ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा ऑक्टोबर २०१८ मध्ये घराबाहेरच्या वापरासाठीही खुला झाला. त्यातल्या काही चॅनेलांवर रडारचा हक्क पहिला असतो. रडारची चाहूल लागली की यंत्र आपोआप चॅनेल सोडून बाजूला होते. रस्त्यावर इतका सभ्यपणा सहसा आढळत नाही.

खरेदी करताना खोक्यावर 'आयपी' या अक्षरांपुढचे दोन अंक वाचावेत. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६७ म्हणजे धूळ अजिबात शिरणार नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाले तरी बिघडणार नाही. सोलापूर जिल्हा अवर्षणप्रवण असल्याने एक मीटर पाणी एका जागी उभे राहण्याची वाट पाहावी लागेल. ग्राहकाने पहिल्या अंकाकडे जास्त लक्ष द्यावे. त्याहून महत्त्वाचा आकडा बारीक अक्षरांत छापलेला असतो: किती तापमानापर्यंत यंत्र चालेल. मे महिन्यात इथला पारा ४२-४३ अंशांवर जातो तो सावलीत. पत्र्यावर, भर उन्हात, स्वतःच्या उष्णतेसकट बसलेल्या यंत्राचे तापमान त्याच्या बरेच वर असते. म्हणून ५० अंशांचे यंत्र घेऊ नये, ६५-७० चे घ्यावे, आणि उत्तरेकडच्या भिंतीला, वळचणीखाली लावावे. खोक्यावर छापलेला तीनशे मीटरचा पल्ला मोकळ्या मैदानातला असतो. मोकळ्या मैदानात कोणी खोली भाड्याने घेत नाही.

जागा ठरवणे हा या कामातला खरा वादाचा भाग. घरातल्या ज्येष्ठांचे मत असे असते की यंत्र जितके उंच तितके चांगले. हे अर्धेच खरे आहे. चौफेर फेकणारी अँटेना लहरी आडव्या पसरवते आणि खाली फारच थोड्या सोडते. अँटेना जितकी 'जास्त पॉवरची', तितका हा पसारा चपटा. पाण्याच्या टाकीच्या वर आणखी पाइप उभा करून त्याच्या टोकाला यंत्र लावले की तीन घरे पलीकडच्या गच्चीवर सिनेमा चालतो आणि खाली अंगणात बाजेवर बसलेल्या मालकांचा फोन गोल गोल फिरत राहतो. दिव्याखाली अंधार. यंत्र दहा-बारा फुटांवर, किंचित खाली झुकवून लावले तर अंगण भरते. टाकी तर मुळीच मध्ये घेऊ नये. पाणी या लहरी शोषते, आणि हजार लिटर पाणी भरपूर शोषते. टाकी रिकामी असली की रेंज सुधारते. ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही तिथे रेंजचे वेळापत्रक नळाच्या वेळापत्रकाला उलटे जोडले जाते.

झाडांचेही तसेच. पानांत पाणी असते आणि ५ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर, म्हणजे एखाद्या पानाएवढीच. दाट पानोळ्यातून ती पार होता होता दमते. कडुनिंब शिशिराच्या शेवटी झडतो. त्या दिवसांत दारच्या निंबापलीकडे यंत्र लावून सगळीकडे दांडे पूर्ण आले म्हणून समाधान मानणाऱ्याने चैत्र पालवीची वाट पाहावी. पालवी आणि प्रकटदिनाची गर्दी एकाच पंधरवड्यात येतात, तक्रारीही तेव्हाच येतात. निंबाची फांदी छाटता येते. वडाच्या बाबतीत हा मार्ग बंद आहे: ज्या गावात मुख्य मंदिराचेच नाव वटवृक्ष मंदिर आहे, तिथे इंटरनेटसाठी वडाला हात लावण्याचा विषय घरात काढूसुद्धा नये. यंत्र झाडाच्या अलीकडे आणावे.

पहिल्या वळिवाच्या आधी घरातल्या कोणाला तरी यंत्राची दया येते. तो शिडी लावतो आणि यंत्रावर काहीतरी पालथे घालतो. प्लॅस्टिकची कापलेली बादली घातली तर नुकसान नाही. पण काळजी जास्त असली की वस्तूही भारी निवडली जाते, आणि मग शेव-चिवड्याचा पत्र्याचा मोठा डबा यंत्रावर उपडा बसतो, वर दगड. धातूतून या लहरी जात नाहीत. यंत्र आत कोरडे आणि पूर्णपणे निरुपयोगी राहते. त्यानंतर कंपनीला फोन जातो, कंपनीचा माणूस खाली उभा राहून 'रीस्टार्ट करून बघा' म्हणतो, आणि डब्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही, कारण तो घरातलाच आहे.

तार साधी घेऊ नये. बाहेरची तार काळ्या, उन्हाला न फुटणाऱ्या आवरणाची आणि आत निखळ तांब्याची असावी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार निम्म्या भावात मिळते आणि दिसायला तशीच असते; दुकानदार ती 'सेम क्वालिटी' म्हणून देतो. नख मारून वरचा मुलामा खरवडला की आतला पांढरा धातू दिसतो. हा फरक महत्त्वाचा, कारण याच तारेतून यंत्राला वीजही जाते. घरात, राउटरजवळ, एक छोटा इंजेक्टर बसवला की साधारण ४८ व्होल्टचा पुरवठा डेटाबरोबर वर चढतो. वर वेगळा प्लग लागत नाही. लांबीची मर्यादा १०० मीटर. वीज गेल्यावर इंजेक्टर आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर असावेत. एकच असला तर दिवा लुकलुकतो आणि काम होत नाही.

तार भिंतीत शिरते तिथे एक बारीक गोष्ट सांभाळायची असते. गवंडी भिंतीला भोक पाडतो ते आडवे, बऱ्याचदा आतल्या बाजूला उतरते. बाहेरून येणारी तार त्यात थेट घातली की पावसाचा थेंब तारेवरून घरंगळत येतो, भोकात शिरतो, आतल्या भिंतीवरून उतरतो आणि इंजेक्टरच्या पिनेवर जाऊन बसतो. पिन हिरवी पडते. इलाज फुकटचा आहे: भोकाच्या खाली वीतभर तार सैल सोडून तिला पोट द्यायचे आणि मग वर वळवून भोकात न्यायची. थेंब पोटाशी जमतो आणि खाली टपकतो. भोक बाहेरच्या बाजूला उतरते असावे, तोंडाशी सिलिकॉन भरावे. एवढे केले तर पालीही आत येत नाहीत. न केले तर पाल इंजेक्टरच्या उबेला येऊन राहते आणि कधीतरी दोन तारांवर एकदम पाय देते.

विजेचे भय मात्र थट्टेवारी नेण्यासारखे नाही. वळीव कडकडाटासह येतो. वीज घरावरच पडावी असे नाही. जवळपास कोसळली तरी लांब तारेत झटका उत्पन्न होतो आणि यंत्र, राउटर, कधी टीव्हीसुद्धा एका रांगेत जातात. म्हणून तार घरात शिरण्याआधी सर्ज अरेस्टर आणि त्याला खरे अर्थिंग. खरे म्हणजे कोळसा-मीठ घालून पुरलेले. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पुरलेल्या पट्टीचा मातीशी संबंध सुटत जातो, तेव्हा खड्ड्यात अधूनमधून तांब्याभर पाणी ओतावे. सकाळी तुळशीला पाणी घालणाऱ्या व्यक्तीकडे हे काम सोपवल्यास ते चुकत नाही.

चॅनेलबद्दल थोडक्यात: २.४ च्या पट्ट्यात एकमेकांत न घुसणारी चॅनेले तीनच, १, ६ आणि ११. मंदिराच्या वाटेवर फोनवर यादी उघडली तर सगळी घरे, दुकाने आणि लॉज यांच्या भांडणात ही तिन्ही भरलेली दिसतात. ५ गिगाहर्ट्झवर जावे.

त्याच यादीत दुसरी गोष्ट दिसते. बहुतेक नेटवर्कांची नावे एकाच नावाची रूपे असतात: स्वामी, स्वामी २, स्वामी ५जी, स्वामीकृपा, स्वामीकृपा वरचा मजला. सगळी रोमन लिपीत. देवनागरीत का नाहीत, याला भक्तीचा अभाव कारण नाही. वायफायच्या नावाला ३२ बाइट्सची मर्यादा आहे, आणि देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, काना, वेलांटी, जोडाक्षरातला हलन्तसुद्धा, तीन-तीन बाइट्स खाते. 'अक्कलकोट' २४ बाइट्समध्ये आरामात बसते. 'स्वामीसमर्थ' मध्ये जागा न सोडता लिहिले तरी ३३ होतात. एका बाइटने राहते. ज्यांना नाव मराठीतच हवे त्यांनी ते 'समर्थ' एवढ्यावर आटोपावे. १५ बाइट्स लागतात.

आता राखण. यंत्राला स्वतःचे एक व्यवस्थापकीय खाते असते आणि कारखान्यातून येताना बहुधा त्याचे नाव ॲडमिन, पासवर्डही ॲडमिन असतो. तो पहिल्या दिवशी बदलावा. बसवणारा 'नंतर बदला मालक' म्हणून जातो, आणि नंतर म्हणजे कधीच नाही. सुरक्षेच्या यादीत डब्ल्यूपीए ३ असेल तर ते निवडावे, नाहीतर डब्ल्यूपीए २. डब्ल्यूईपी नावाचा १९९७ चा प्रकार २००१ मध्येच फुटला. जुन्या बाजारातून आणलेल्या यंत्रात तोच असेल तर यंत्र परत करावे. डब्ल्यूपीएस हे बटण बंद ठेवावे. त्याचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा आकडा आधीच्यांवरून ठरतो. त्यामुळे दहा कोटींऐवजी जास्तीत जास्त अकरा हजार प्रयत्नांत दार उघडते, हे २०११ च्या डिसेंबरात उघड झाले. नेटवर्कचे नाव लपवण्याची युक्ती काहीजण सुचवतात. लपवलेल्या नावाचा शोध घरातल्यांचे फोनच घेत फिरतात. भाजी मंडईत उभा राहून फोन त्या नावाला हाका मारत असतो. लपवले कोणापासून, हे कळत नाही.

खरा किल्ला पासवर्डचा. तो आठ ते त्रेसष्ट अक्षरांचा असू शकतो. डब्ल्यूपीए २ मध्ये हल्लेखोर जोडणीच्या वेळची देवाणघेवाण टिपून घेतो आणि घरी नेऊन शब्दांची लांबलचक यादी त्यावर चालवतो. डब्ल्यूपीए ३ मध्ये असे घरी नेता येत नाही. अक्कलकोटात हल्लेखोराला यादीही लागत नाही. महाराजांचे नाव आणि पुढे १२३. जमले नाही तर पुढे १८७८. तेही नसेल तर दारातल्या मोटारसायकलचा नंबर, आणि शेवटचा उपाय म्हणजे मालकांचा मोबाइल नंबर, जो 'खोल्या भाड्याने मिळतील' या पाटीवर वीतभर अक्षरांत रंगवलेला असतो. पासवर्ड असा हवा की त्यातल्या शब्दांचा एकमेकांशी, घराशी आणि गावाशी काही संबंध नसावा: चार-पाच साधे शब्द, मध्ये आकडा. शेंगाचटणी नको, सोलापूर जिल्ह्यात ती दुसऱ्याच प्रयत्नात निघेल.

पासवर्ड उत्तम असला तरी तो सांगितला कसा जातो यावर सगळे अवलंबून. आळंदहून आलेला पाहुणा अंगणातून विचारतो, "अज्जी, पासवर्ड एनद री?" कर्नाटकाची हद्द जवळच, त्यामुळे अज्जींना दोन्ही भाषा येतात. त्या माळवदावरून पापड उलटता उलटता उत्तर देतात, एकेक अक्षर, मोठ्याने. पाहुण्याला ऐकू जात नाही, त्या पुन्हा सांगतात. 'छत्री' मधला छ दोन अक्षरी की तीन, यावर चर्चा होते. चर्चेत समोरचा इस्त्रीवाला भाग घेतो आणि त्याचेच बरोबर असते, कारण त्याने कालच लिहून घेतलेले असते. यावर उपाय क्यूआर कोड. तो छापून खोलीच्या आत, दाराच्या मागे चिकटवावा. बाहेरच्या भिंतीवर चिकटवणाऱ्याने यंत्राच्या राखणीवरचा पुढचा मजकूर वाचण्याचे कारण नाही.

नको म्हणणे हा पर्याय मात्र इथे फारसा चालत नाही. १९८८ पासून ज्या गावात अन्नछत्र मंडळ येईल त्याला जेवू घालते, तिथे चार मेगाबिटसाठी दारातल्याला परत पाठवणे मालकांच्या जिवावर येते. पोरगा 'फक्त अभ्यासापुरतं' म्हणाला की ते विरघळतात. तेव्हा द्यायचे ठरवूनच मांडणी करावी आणि ती अन्नछत्रावरूनच घ्यावी. तिथे जेवण मोफत असते, पण पंगत असते, वेळ असते, वाढणारे ठरलेले असतात, आणि जेवणारा उठून कोठीघरात जात नाही. यंत्रात पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क काढावे, त्याला वेगाची आणि तासांची मर्यादा घालावी, एका पाहुण्याचा फोन दुसऱ्याच्या फोनला दिसू नये ही सोय चालू ठेवावी. घरचे नेटवर्क, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर आणि हिशेबाचा संगणक कोठीघरात. बऱ्याच घरांत कॅमेरे आणि पाहुणे एकाच नेटवर्कवर असतात, आणि डीव्हीआरचा पासवर्डही ॲडमिनच. चोरावर नजर ठेवायला लावलेला कॅमेरा मग चोरालाच घरभर फिरवून आणतो.

हे सगळे अवडंबर वाटत असेल तर सानपाड्याची हकिकत माहीत असावी. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला. माग काढत पोलीस नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका फ्लॅटवर पोहोचले. तिथे राहणाऱ्या परदेशी नागरिकाचे असुरक्षित वायफाय दुसऱ्याच कोणी वापरले होते. त्याला मात्र चौकशीला सामोरे जावे लागले. पुढे फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित ठेवण्याविषयी सूचना काढल्या. कनेक्शन ज्याच्या नावावर, पोलीस त्याच्या दारात. ज्या दुकानदाराला गल्लीलाच इंटरनेट विकायचे किंवा वाटायचे आहे त्याच्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये मंजूर केलेली पीएम-वाणी योजना आहे: दुकानदाराला परवाना नको, शुल्क नको, आणि कोण वापरतो याची नोंद ठेवण्याची यंत्रणा तयार मिळते.

राहिला प्रश्न हाताच्या अंतराचा. यंत्राच्या तळाशी रीसेटचे बारीक भोक असते. उदबत्तीची काडी त्यात बरोबर जाते. दहा सेकंद दाबली की वर लिहिलेले सगळे पुसले जाऊन यंत्र पुन्हा ॲडमिन-ॲडमिन होते. शिवाय वर गेलेली तार काढून कोणी लॅपटॉपला लावली तर तो थेट घरात. म्हणून यंत्र शिडीशिवाय हात न पोहोचेल असे, झाकण स्क्रूने बंद, आणि त्या तारेवर घरचे नेटवर्क वेगळे बांधलेले असावे. फर्मवेअर दोन-तीन महिन्यांनी अद्ययावत करावे, तेही रात्री, आरतीनंतर. पाऊस सुरू होण्याआधी एकदा वर चढून तार यंत्रात शिरते तिथले ग्लँड घट्ट आहेत का, गांधीलमाश्यांनी पोळे केले आहे का हे पाहावे. पोळे असल्यास आधी खाली उतरावे. पासवर्ड प्रकटदिनाची आणि दत्तजयंतीची गर्दी ओसरल्यावर बदलावा. नवा पासवर्ड अज्जींना शेवटी सांगावा.

हमीपत्र बहुतेक वर्ष-दोन वर्षांचे असते आणि त्यात वीज पडणे धरत नाहीत. सर्ज अरेस्टर यंत्राबरोबर येत नाही, वेगळा मागून घ्यावा लागतो. मागून घ्या, आणि दोन्हींचे पक्के बिल जपून ठेवा.